सफेद मुसळी, बीएपी आणि पुढच्या जूनचा हिशोब

टिश्यू कल्चर लॅबमधे, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणाऱ्या लॅबमधे, काम करते असं कळलं की बॉटनीची मुलं सगळ्यात आधी हेच विचारतात, मॅडम बीएपी किती टाकता? बीएपी म्हणजे बाटलीतल्या रोपाला नवे कोंब, म्हणजे फुटवे, आणणारं हार्मोन. सफेद मुसळीच्या, म्हणजे औषधी मुळ्यांच्या या वनस्पतीच्या, बाबतीत तर हा प्रश्न इतक्या वेळा येतो की म्हटलं एकदा बसून सविस्तर लिहूनच टाकू. आकडा सांगते, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही, पण माझं ठाम मत असं की त्या एका आकड्याने फार काही ठरत नाही, आणि बाटलीत फुटवे किती आले यावरून प्रोटोकॉल चांगला की वाईट हे ठरवणं तर मला पटतच नाही. मुसळीचा निकाल लागतो तो रोप मातीत गेल्यावर, आणि तोही त्याच वर्षी नाही, पुढच्या जूनमधे.

आधी झाडाबद्दल थोडं, कारण झाडाचा स्वभाव कळल्याशिवाय मीडियाची, म्हणजे बाटलीतल्या पोषक मिश्रणाची, चर्चा करून उपयोग नाही. सफेद मुसळी म्हणजे क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. नावातच आपली बोरिवली आहे, १९५५ साली फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी ही जात शास्त्रीय नाव देऊन नोंदवली. आणि येऊर म्हणजे बोरिवलीच्याच जंगलाची ठाण्याकडची बाजू, त्यामुळे ही आपल्या घरची वनस्पती आहे असं मला नेहमी वाटतं. जून महिन्यात जांभळी नाक्यावर येऊर, शहापूर, मुरबाडकडच्या बायका फोडशीच्या जुड्या घेऊन बसतात ना, ती पातीची भाजी याच क्लोरोफायटम गटातली, आमच्याकडे मूगडाळ घालून करतात आणि पावसाळ्यात एकदा तरी झालीच पाहिजे. फक्त जुडीतली प्रत्येक पात बोरिव्हिलियानमचीच असेल असं नाही, याच्या बहिणी बऱ्याच आहेत, ट्युबरोसम त्यातलीच एक, आणि पानांवरून ओळखायला गेलात तर फसाल. काळी मुसळी तर पूर्ण वेगळी वनस्पती, वेगळ्या कुळातली. म्हणून कामाची सुरुवात लॅबमधे होतच नाही, फुलं आलेली असताना एखाद्या वर्गीकरणाच्या जाणकाराकडून झाड तपासून घ्यायचं आणि हर्बेरियमसाठी एक नमुना वाळवून ठेवायचा. चुकीच्या झाडाच्या दहा हजार हुबेहूब प्रती काढण्यात काय अर्थ आहे?

आणि हो, मदर प्लांट, म्हणजे ज्याच्यापासून रोपं काढायची ते झाड, येऊरच्या जंगलातून उपटून आणायचं नाही. तो नॅशनल पार्कचा भाग आहे, तिथून परवानगीशिवाय झाड काढणं हा गुन्हा आहे. लागवड करणाऱ्या शेतकऱ्याकडून बेणं घ्या, तिथे निवडीला वावही जास्त मिळतो, कुठल्या झाडाला मुळ्या भरपूर आणि जाड आहेत ते बघून निवडता येतं.

आता स्वभाव. पहिला पाऊस पडला की जमिनीतून पानं वर येतात, जुलै-ऑगस्टमधे पांढऱ्या फुलांचा दांडा येतो, बी काळं, कांद्याच्या बियांसारखं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं पिवळी पडून गळून जातात. मग वर काहीच दिसत नाही. खाली मांसल पांढऱ्या मुळ्यांचा झुपका असतो आणि त्याच्या माथ्यावर डिस्क, डोळे त्या डिस्कवर असतात. मुळी कितीही जाडजूड असली तरी डिस्कचा तुकडा सोबत नसेल तर ती उगवत नाही, हे नवीन लोकांना माहीतच नसतं आणि ते नुसत्या मुळ्या लावून वाट बघत बसतात. बियांची उगवण कमी आणि बेभरवशाची. एका गड्ड्याचे तुकडे करून लागवड वाढवायची तर मोजकेच तुकडे निघतात. म्हणून टिश्यू कल्चर.

पण खरं सांगायचं तर प्रत्येक शेतकऱ्याला टिश्यू कल्चरची रोपं लागत नाहीत. ज्याच्याकडे चांगलं बेणं आहे त्याने ते राखून, दरवर्षी थोडं थोडं वाढवत न्यावं, ते स्वस्त पडतं. टिश्यू कल्चर उपयोगी पडतं ते एखादं उत्तम, तपासलेलं झाड कमी वेळात वाढवून त्याचं स्वच्छ बेणं तयार करायला. मुसळीच्या मुळ्यांमधली सॅपोनिन्स, म्हणजे औषधी द्रव्यं, झाडागणिक कमीजास्त असतात, आणि औषधाला जाणारा माल म्हटला की हा फरक महत्त्वाचा. सोन्याचं पीक, एकरी लाखो, असल्या गप्पा मारून रोपं विकणाऱ्यांपासून लांब राहा एवढंच म्हणेन.

तर लॅब. आमची लॅब रबाळे एमआयडीसीत, छोटीशी, एक लॅमिनार (निर्जंतुक हवेचं टेबल), एक ऑटोक्लेव (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), एक ग्रोथ रूम. आणि इथे मुसळीची पहिली अडचण येते ती कॅलेंडरची. डोळे फुटतात मे अखेर ते जून, म्हणजे एक्सप्लांट (बाटलीत लावायचा तुकडा) मिळायची वेळ आणि हवेत बुरशी सगळ्यात जास्त असायची वेळ एकच. नवी मुंबईतला जून ज्यांनी लॅबमधे काढलाय त्यांना माहितीये, कापसाचे बोळे दमट होतात, एसीची फिल्टर्स काळी पडतात, त्यात दोन तास लाईट गेली की ग्रोथ रूमच्या भिंतींना पाणी सुटतं. त्यात शेतातून चिखलासकट आणलेला कोंब म्हणजे बुरशी आणि बॅक्टेरिया दोघांना आमंत्रण. त्यामुळे आम्ही गड्डे एप्रिलमधेच आणून ठेवतो, धुऊन, बुरशीनाशकात बुडवून, स्वच्छ कोकोपीटच्या ट्रेमधे, आत शेडखाली, पाणी खालून ट्रेमधून द्यायचं, वरून एक थेंबही नाही. झोप पूर्ण झाली की तिथेच कोंब फुटतो, आणि एक-दीड सेंटीमीटरचा असतानाच तो डिस्कच्या थोड्या भागासकट कापून घ्यायचा, पावसाचा थेंब लागायच्या आधी. माझ्या मते या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही केमिकलने पडत नाही.

केमिकलचं निघालंच आहे तर. जवळपास प्रत्येक जुन्या प्रोटोकॉलमधे ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराईड असतं, पाच मिनिटं बुडवा, डिस्टिल्ड वॉटरने चार-पाच वेळा धुवा. काम करतं, शंका नाही, जमिनीखालच्या एक्सप्लांटला तर फारच चांगलं करतं. पण ते धुतलेलं पाणी जातं कुठे? पारा ऑटोक्लेव करून जात नाही, उकळून जात नाही. रबाळ्यापासून ठाण्याची खाडी किती लांब आहे हो? २०१५ मधे ती फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाली, २०२२ मधे रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली, हिवाळ्यात ऐरोलीच्या बाजूला गुलाबी पक्ष्यांचे थवे बघायला आपणच मुलांना घेऊन जातो. कॉलेजच्या कित्येक लॅबमधे हे पाणी सरळ बेसिनमधे ओततात आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही, हे बघून मला खरंच त्रास होतो. वापरायचंच असेल तर पहिल्या धुण्यापासूनचं सगळं पाणी वेगळ्या कॅनमधे साठवून घातक कचरा म्हणून द्यायला हवं. आम्ही सोडियम हायपोक्लोराईट वापरतो, साधारण १ टक्का क्लोरीन मिळेल इतपत पातळ करून, दोन थेंब ट्वीन (साबणासारखं द्रव) टाकून, दहा-बारा मिनिटं, त्याआधी ७० टक्के अल्कोहोलमधे अर्धा मिनिट. कंटॅमिनेशन पाऱ्यापेक्षा थोडं जास्त येतं, येऊ दे, पाच-दहा एक्सप्लांट जास्त लावायचे. वर कोंबाचं टोकही पाऱ्यापेक्षा कमी भाजतं, त्यामुळे वाचलेले लवकर फुटतात.

बुरशी तरी दिसते, दोन-चार दिवसांत बाटलीत कापूस उगवला की काढून टाकता येते. मुसळीत त्रास देतात ते आतले बॅक्टेरिया. पहिल्या दोन सबकल्चरला, म्हणजे नव्या मीडियावर हलवायच्या फेऱ्यांना, सगळं स्वच्छ असतं आणि तिसऱ्या वेळी तळाशी मीडियात धुरकट वलय दिसतं, तोपर्यंत त्या एका कोंबाच्या वीस बाटल्या झालेल्या असतात. म्हणून पहिल्याच सबकल्चरला प्रत्येक कोंबाच्या बुडाचा पातळ काप न्यूट्रियंट अगारवर (बॅक्टेरिया वाढवायच्या थरावर) घासून दोन-तीन दिवस उबेत ठेवायचा, ढग आला तर ती लाईन तिथेच बंद. अँटिबायोटिक टाकून वाचवायचा मोह होतो, पण ते बॅक्टेरियाला मारत नाही, बहुतेक वेळा नुसतं दाबून ठेवतं.

आता बीएपी. मीडिया एमएस, मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मधे तंबाखूसाठी बनवलेला, आणि आजही जगभरात केळीपासून ऑर्किडपर्यंत निम्मं काम त्यावरच चालतं. साखर ३ टक्के, अगार ८ ग्रॅम, पीएच ५.८, १२१ डिग्रीला १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव. सायटोकायनिन (बीएपी त्यातलंच) जास्त आणि ऑक्झिन हे दुसरं हार्मोन कमी असेल तर फुटवे, उलट केलं तर मुळं, हे स्कूग आणि मिलरनी १९५७ मधे दाखवलं ते मुसळीलाही लागू पडतं. पेपरांमधे मुसळीसाठी बीएपीचे लिटरला १ पासून ५ मिलिग्रॅमपर्यंत सगळे आकडे सापडतात, आणि जास्त आकडा टाकला की फुटवे जास्त येतात हे खरंच आहे. फोटोही छान येतो, बाटली हिरवीगच्च. पण जवळून बघा, त्यातली बरीच पानं जाड, पाणीदार, आरपार दिसणारी असतात, व्हिट्रिफिकेशन. अशा फुटव्याला मुळं नीट येत नाहीत आणि आली तरी बाटलीबाहेर काढल्यावर तासाभरात मान टाकतो. शिवाय बीएपी झाडात साठून राहतं, पुढच्या मीडियात नसलं तरी त्याचा असर राहतो आणि मुळं उशिरा येतात.

हिशोब करून बघू, आकडे फक्त उदाहरणादाखल आहेत. समजा एका मीडियावर एकाचे ८ फुटवे झाले, त्यातले अर्धे पाणीदार निघाले, राहिले ४. त्यातल्या ६० टक्क्यांना मुळं आली, म्हणजे २.४. हार्डनिंगमधे, म्हणजे बाटलीबाहेरच्या हवेची सवय लावताना, निम्मे जगले, हातात १.२. दुसऱ्या मीडियावर ३च फुटवे, पण ९० टक्के धडधाकट, त्यातल्या ९० टक्क्यांना मुळं, आणि ८० टक्के जगले, हातात जवळपास १.९. पेपरमधे पहिला मीडिया ‘बेस्ट’ ठरेल आणि शेडमधे दुसरा.

कोणी म्हणेल की अहो सबकल्चर पाच वेळा केलं तर ८ चे होतात ३२,७६८ आणि ३ चे २४३, कसली तुलना करताय? बरोबर आहे, कागदावर बरोबर आहे. पण पाणीदार फुटवे पुढे पुढे नेले की त्यांचं प्रमाण वाढतच जातं, आठाचा दर पाच फेऱ्या टिकत नाही. आणि दुसरं म्हणजे छोट्या लॅबची मर्यादा फुटवे ही नसतेच, ती असते लॅमिनारवर बसणारे हात आणि शेडमधले ट्रे. आमच्याकडे रबाळे गावातल्या एक ताई कटिंगला आहेत, बारावी झालेल्या, त्यांचा हात इतका हलका आहे की त्यांच्या बाटल्यांमधे कंटॅमिनेशन जवळजवळ नसतंच, आणि कुठला फुटवा घ्यायचा आणि कुठला टाकून द्यायचा हे त्या बघताक्षणी सांगतात. त्यांच्या दिवसभरात जितक्या बाटल्या होतात तितकंच आमचं उत्पादन, मग त्या बाटल्यांत चांगलाच माल का नसावा?

म्हणून आम्ही बीएपी चढतं नाही तर उतरतं ठेवतो. सुरुवात २ मिलिग्रॅमवर, तिसऱ्या सबकल्चरपासून १, आणि मुळांवर टाकायच्या आधीची एक फेरी ०.५ वर किंवा हार्मोनशिवाय. त्या शेवटच्या फेरीत संख्या अजिबात वाढत नाही, फुटवे फक्त उंच आणि घट्ट होतात, आणि नेमकी हीच फेरी लोक वाया गेलेला महिना समजून गाळतात. मुळांसाठी अर्ध्या ताकदीचा एमएस आणि आयबीए हे ऑक्झिन १ मिलिग्रॅम. झाकणाला हवा खेळती राहील असा फिल्टर असेल तर फारच उत्तम, पाणीदारपणा बराच कमी होतो. तुमच्या झाडाला हेच आकडे चालतील असं नाही, जीनोटाईप (झाडाचा आनुवंशिक वाण) बदलला की सगळं थोडं सरकतं.

मग तुमचे आकडे शोधायचे कसे? इथे मुलं एकावेळी एकच गोष्ट बदलत बसतात, आधी बीएपीच्या पाच पातळ्या, मग कायनेटिन या दुसऱ्या सायटोकायनिनच्या, मग साखरेच्या, वर्ष संपतं. बीएपी, साखर आणि अगार या तिन्हींच्या तीन-तीन पातळ्या घेतल्या तर २७ जोड्या होतात, प्रत्येकी दहा बाटल्या म्हणजे २७० बाटल्या, आमचं अख्खं रॅक. तागुचीची एल-९ मांडणी, म्हणजे कमी जोड्यांत प्रयोग बसवायचा ठरलेला तक्ता, घेतली तर ९ जोड्यांत कुठला घटक जास्त ओढतोय याचा अंदाज येतो. दोन घटक मिळून होणारा परिणाम त्यात वेगळा काढता येत नाही, हे लक्षात ठेवून वरच्या दोन जोड्या पुन्हा जास्त बाटल्या घेऊन ताडून बघायच्या. आणि एक गोष्ट जी पुस्तकात कोणी ठळक लिहीत नाही, एका ट्रीटमेंटच्या सगळ्या बाटल्या एकाच फळीवर ठेवू नका. ट्यूबलाईटच्या चोकमुळे वरच्या फळ्यांवर दोन-तीन डिग्री जास्त असतात, एसीसमोरचा कोपरा थंड असतो, मग तुम्ही बीएपीचा परिणाम मोजताय की फळीचा? चिठ्ठ्या टाकून बाटल्या मिसळा, मार्करने झाकणावर नंबर घाला, बस.

खर्चाचं थोडक्यात. लॅब ग्रेड सुक्रोजऐवजी वाण्याकडची स्वच्छ साखर चालते, मुसळीत फरक दिसत नाही. मीडियात सगळ्यात महाग पडतो अगार. त्याला इसबगोल हा पर्याय आहे, दिल्लीतल्या संशोधकांनी १९९८ मधे यावर पेपर लिहिला होता, लिटरला साधारण ३० ग्रॅम लागतो. पण तो फार पटकन घट्ट होतो, ढवळत ढवळत भराभर ओतावा लागतो, आणि तळ पारदर्शक नसल्यामुळे बॅक्टेरियाचं वलय दिसत नाही. म्हणून पहिल्या फेऱ्यांना अगारच, इसबगोल शेवटच्या मुळांच्या फेरीला.

आता हार्डनिंग, आणि इथेच मुसळी केळीपेक्षा पूर्ण वेगळी वागते. केळीचं रोप वर्षभरात कधीही बाहेर काढा, सांभाळलं तर वाढतं. मुसळीला ऑक्टोबरात झोपायचंच असतं. बाटलीत २५ डिग्री आणि सोळा तास उजेड असल्यामुळे ती सहसा झोपत नाही, पण बाहेर आली की तिचं घड्याळ सुरू होतं. ऑगस्ट अखेरीला बाहेर काढलेलं रोप महिन्याभरात पिवळं पडतं, आणि खाली मांसल मुळी भरलेलीच नसते, नुसते दोरे. असं रोप पुढच्या जूनला उगवत नाही. रोप मेलं असं कोणी लिहीतही नाही कारण सप्टेंबरपर्यंत ते हिरवं होतं आणि ‘सर्व्हायव्हल’चा आकडा चौथ्या आठवड्यात घेऊन झालेला असतो!

म्हणून सगळं उलटं मोजत यायचं. जुलैच्या मध्यापर्यंत रोप मातीत गेलं पाहिजे, म्हणजे जूनमधे प्रोट्रेमधे (रोपांच्या खाचांच्या ट्रेमधे), म्हणजे मे महिन्यात मुळांच्या मीडियावर, म्हणजे एप्रिलमधे ती शेवटची शांत फेरी. फुटवे वाढवायचं काम ऑक्टोबर ते मार्च, जेव्हा हवा कोरडी आणि कंटॅमिनेशन कमी. आणि कोंब लावायचे आदल्या जूनमधे. म्हणजे पूर्ण एक वर्षाचं चक्र, आणि त्यातला कुठलाही टप्पा महिनाभर सरकला तर वर्ष जातं. माझ्या दृष्टीने मुसळीचं ऑप्टिमायझेशन म्हणजे ऐंशी टक्के हे कॅलेंडर आणि उरलेलं मीडिया.

शिळफाट्याच्या पुढे ओळखीच्यांच्या जागेवर आमचं शेडनेट आहे. बाटलीतून रोप काढलं की कोमट पाण्यात मुळांचा अगार पूर्ण धुवायचा, एक कणसुद्धा राहिला तर त्यावर बुरशी धरते, मग बुरशीनाशकात बुडवून कोकोपीटमधे. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर नीट तयार झालेला नसतो आणि त्याची छिद्रं पटकन मिटत नाहीत, म्हणून पहिला आठवडा प्लास्टिकच्या बोगद्यात, मग रोज थोडं थोडं उघडत तीन-चार आठवड्यांत पूर्ण उघडं. आपल्याकडे जूनमधे बाहेरच दमट असल्यामुळे हे काम सोपं होतं, हा कोकणपट्टीचा फायदाच म्हणायचा, फक्त पावसाचं पाणी थेट ट्रेवर पडू द्यायचं नाही. नंतर पाण्याचा निचरा होणारा गादीवाफा, मुसळीला तुंबलेलं पाणी अजिबात सहन होत नाही, मुळ्या कुजतात.

नोंदवहीत आम्ही दोन रकाने वेगळे ठेवलेत. एक, डिसेंबरात काही गड्डे नमुन्याला उकरून मुळ्यांची संख्या आणि वजन. दुसरा, पुढच्या जूनमधे किती डोळे परत फुटले. प्रत्येक बाटलीचा नंबर त्या गड्ड्यापर्यंत नेतो, त्यामुळे कुठल्या मीडियावरून आलेली रोपं परत उगवली हे दीड-दोन वर्षांनी का होईना पण नक्की कळतं. एमएस्सीच्या सहा महिन्यांच्या प्रोजेक्टमधे हे बसत नाही हे मला कळतं, पण मग एका बॅचने लावलेलं पुढच्या बॅचने मोजावं, कॉलेजला हे सहज जमण्यासारखं आहे. ठाणे, कळवा, वाशी, ऐरोली, कुठल्याही कॉलेजच्या बॉटनी डिपार्टमेंटला असं करायचं असेल तर आमच्या रकान्यांचा नमुना मी पाठवीन, खाली लिहा. आणि बीएपी किती ते आता विचारू नका, वर लिहिलंय.